शेतावरच्या भंगाराचे योग्य मोल: ओळख, उकल आणि विक्री

ऊस तुटून गेल्यावर आणि पावसाळी कामे सुरू होण्यापूर्वी जे चार-सहा निवांत आठवडे मिळतात, त्या काळात गोठ्यामागची किंवा विहिरीच्या कडेची जागा पाहिली तर आमच्या सांगली जिल्ह्यात घरोघरी जवळपास सारखेच चित्र दिसते. जळालेली मोनोब्लॉक (पंप जोडूनच असलेली) मोटार, जुन्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपांचे तुकडे, मोडका कुळव, बैलगाडीच्या चाकाची धाव, द्राक्षबाग काढल्यावर उरलेले अँगल आणि तारेची भेंडोळी, फुटका फवारणी पंप, असे सारे एकावर एक पडलेले असते आणि त्यावर घाणेरी उगवलेली असते. दारावर टेम्पो घेऊन येणाऱ्याला हा ढीग नजरअंदाजाने विकून मोकळे होण्याची आपली रीत आहे. आमच्याकडेही ती अनेक वर्षे होती, आणि त्या रीतीत तांबे, पितळ व गनमेटल (तांबे-कथिलाचा मिश्रधातू) हे लोखंडाच्या भावाने निघून जात होते, हे मला फार उशिरा कळले. तांब्याचा दर लोखंडाच्या वीसपट किंवा त्याहून अधिक असतो. त्यामुळे भंगारातून मिळणारे उत्पन्न मुख्यतः विक्रीपूर्वी केलेल्या निवडीत असते, आणि ती निवड कशी करावी हाच या लेखाचा विषय आहे.

पहिली पायरी: ढिगाला हात लावण्यापूर्वी

सकाळी उन्हाच्या आत एक वही घेऊन शेत, विहीर, गोठा, माळा आणि पडवी फिरून यावे आणि जे दिसेल ते लिहून काढावे. या फेरीत काहीही उचलू नये. वर्षानुवर्षे न हललेल्या ढिगाखाली घोणस, मण्यार, विंचू हमखास आसरा घेतात, म्हणून दुसऱ्या दिवशी काम सुरू करताना आधी लांब दांड्याच्या दाताळ्याने माल ओढून मोकळा करावा, पायात गमबूट आणि हातात चामडी मोजे घालावेत. धनुर्वाताची लस घेऊन किती वर्षे झाली, हे आरोग्य केंद्रात विचारून घेणेही याच वेळी उरकावे, कारण गंजका पत्रा हाताला लागल्याशिवाय हे काम संपत नाही.

यादी करताना प्रत्येक वस्तूसमोर ती कोणाच्या मालकीची आहे हे लिहावे. एकत्र कुटुंबातील वाटणी झाली नसेल तर चुलत्यांना आणि भावांना आधी सांगावे; आजोबांच्या काळातला तांब्याचा बंब परस्पर विकला म्हणून दोन घरांत अनेक वर्षे बोलणे बंद झाल्याचे मी जवळून पाहिले आहे. बँकेच्या कर्जातील किंवा अनुदानावर घेतलेले अवजार असेल तर मंजुरीपत्रातील अटी वाचल्याशिवाय ते विक्रीच्या यादीत धरू नये.

काही वस्तू आपल्या शेतात पडलेल्या असूनही आपल्या नसतात. वादळात तुटून बांधावर पडलेली महावितरणची तार, खांबाचा तुकडा किंवा रोहित्राचा भाग विकणे हा विद्युत कायदा, 2003 च्या कलम 136 खाली तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकणारा गुन्हा आहे, आणि कलम 137 खाली असा माल घेणाराही अडकतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवण्याच्या फळ्या, पुराबरोबर वाहत येऊन नदीकाठच्या मळीत रुततात. ते पाटबंधारे विभागाला कळवावेत. नांगरताना जुनी नाणी, ताम्रपट किंवा मूर्ती सापडली तर ती भंगार नव्हे. निखात निधी अधिनियम, 1878 नुसार दहा रुपयांहून अधिक मोलाची अशी वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे 1974 साली जमीन उकरताना ताम्रपाषाण काळातील हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलगाडी हाकणारा माणूस अशा ताम्रमूर्ती निघाल्या होत्या. त्या जर काट्यावर चढल्या असत्या तर त्यांचे कायमचे वितळलेले तांबे झाले असते.

दुसरी पायरी: भंगार कशाला म्हणायचे

यादीतील सर्वच वस्तू भंगार नसतात, आणि सर्वांत जास्त पैसा याच टप्प्यावर वाचतो. ज्या वस्तूचा वस्तू म्हणून उपयोग शिल्लक आहे ती कधीही किलोवर विकू नये. द्राक्षबागेतून काढलेला सरळ अँगल नवीन बाग उभारणारा शेतकरी नगावर घेतो आणि तो भंगाराच्या दरापेक्षा स्पष्टपणे जास्त पैसे देतो. तासगाव, निफाड, दिंडोरी या भागांत असा माल गावातल्या गावातच खपतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या किंवा जीपच्या जुन्या कमानीचे पाटे उच्च कार्बनी पोलादाचे असतात आणि त्यांपासून लोहार विळे, खुरपी, कुऱ्हाडी घडवतो, म्हणून ते आधी त्याला दाखवावेत. जुन्या ऑइल इंजिनाचे क्रँक, नोझल, डिझेल पंप हे भाग शाबूत असतील तर इंजिन दुरुस्त करणारे ते स्वतंत्रपणे घेतात. बैलगाडीची पूर्ण चाके, मोटेचे चाक, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) उसाचा चरक, गुळाची मोठी काहील यांना कृषी पर्यटन केंद्रे व हॉटेले शोभेसाठी मागणी करतात.

1910 साली किर्लोस्करवाडी वसली आणि तेथे तयार होणारे लोखंडी नांगर आमच्या भागातील शेतांत आले. त्या जुन्या घडणीचा एक नांगर आमच्या पडवीत आहे. तो मी यादीत लिहिला आणि नंतर खोडला. प्रत्येक वस्तू विकलीच पाहिजे असे नाही. फक्त काय ठेवायचे हे विचार करून ठरवावे, अन्यथा ठेवलेल्या वस्तूंचा पुन्हा ढीग होतो.

तिसरी पायरी: धातू ओळखणे

या कामाला चुंबक, कानस, छिन्नी-हातोडा आणि एक साधा स्प्रिंग काटा एवढी साधने पुरतात. चुंबक विकत घेण्याची गरज नाही. बंद पडलेल्या लाउडस्पीकरच्या मागील भागात असतो तो उत्तम चालतो.

चुंबक चिकटला तर ते लोखंड, पोलाद किंवा बीड आहे. या तिघांतही भेद आहे. पंपाचा धड, इंजिनाचे फ्लायव्हील, चरक, जुन्या व्हॉल्व्हची बॉडी ही बिडाची असतात. बीड ओळखण्याची खूण अशी की छिन्नी मारली असता त्याची साल निघत नाही, तर बारीक टवके उडतात, आणि तुटलेल्या जागी करडा, खडबडीत, साखरेसारखा पृष्ठभाग दिसतो. पोलाद मात्र वाकते आणि त्याची साल वळत निघते. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव परिसरातील फाउंड्र्यांत बीड वितळवून नवीन ओतकाम होते, त्यामुळे दक्षिण महाराष्ट्रात बिडाला स्वतंत्र मागणी आहे आणि ते पत्र्यात मिसळून देणे हा सरळ तोटा आहे. जालन्याच्या पोलाद कारखान्यांना अँगल, सळई, प्लेट असा जाड माल हवा असतो. पत्रा, डबे, बारीक तार हा हलका माल वितळवताना जास्त घटतो, म्हणून त्याचा दर सर्वांत कमी असतो.

चुंबक चिकटला नाही तर सावकाश पाहावे, कारण पैसा येथे आहे. कानशीने वरचा थर खरवडावा. आत लालसर रंग दिसला तर तांबे, पिवळा दिसला तर पितळ, पिवळ्या-तांबड्याच्या मधला दिसला तर बहुधा गनमेटल, जे पंपाच्या बुशमध्ये आणि जुन्या व्हॉल्व्हमध्ये सापडते. वस्तू हातात फार हलकी आणि आतून पांढरी असेल तर ती ॲल्युमिनियमची, म्हणजे आपल्याकडे ज्याला जर्मन म्हणतात त्याची. जुने तुषार सिंचनाचे संच ॲल्युमिनियमच्या पाइपांचे असत, आणि ते गंजत नसल्याने मातीखालीही टिकून राहतात. हातात अनपेक्षितपणे जड, नखाने ओरखडा पडेल इतके मऊ आणि करडे असेल तर ते शिसे. सबमर्सिबल पंपाच्या चकचकीत नळीला चुंबक चिकटला नाही तर ते स्टेनलेस स्टील आहे आणि त्याला साध्या लोखंडापेक्षा चांगला दर मिळतो.

दोन ठिकाणी फसगत होते. अलीकडच्या अनेक तोट्या व कॉक वरून पितळी दिसतात, पण कानस मारली की आत पांढरा जस्तमिश्रित धातू निघतो. तसेच काही स्वस्त मोटारींमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याच्या रंगाचे एनॅमल असते. तारेचे टोक पात्याने खरवडून पाहिल्याशिवाय तिला तांबे समजू नये.

निवडलेला माल वेगवेगळ्या पोत्यांत भरून पोत्यावर धातूचे नाव आणि वजन लिहावे. अंदाजासाठी काही आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. सळईचे मीटरमागे वजन काढायचे असेल तर मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्याला 162 ने भागावे. 12 मिमी सळई मीटरला सुमारे 0.89 किलो भरते. दोन इंची मध्यम जीआय पाइप मीटरला पाच किलोच्या आसपास असतो, म्हणजे सहा मीटरची पूर्ण लांबी तीस किलोंची. एक मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा चौरस मीटरला 7.85 किलो भरतो. गंजून झिजलेल्या मालाचे वजन यापेक्षा कमी येते, पण काट्यावर फार मोठा फरक दिसला तर विचारायला आपल्या हातात आधार असतो.

चौथी पायरी: मोटार आणि केबल उकलणे

आमच्याकडची पाच अश्वशक्तीची जळालेली मोनोब्लॉक मोटार मी प्रथम खोलली तेव्हा पूर्ण दुपार गेली. पंख्याचे झाकण आणि दोन्ही बाजूंचे कव्हर काढून रोटर, म्हणजे फिरणारा गाभा, बाहेर ओढला, त्याच्या टोकाचे बेअरिंग पुलरने काढले, मग स्टेटरच्या, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागाच्या, एका बाजूची वाइंडिंगची टोके छिन्नीने तासून टाकली आणि दुसऱ्या बाजूने पक्कडीने एकेक गुंडा ओढला. व्हार्निश धरून बसल्यामुळे पहिला गुंडा निघेपर्यंत घाम फुटतो, आणि एकदा एक खाच मोकळी झाली की पुढच्या सहज सुटतात. शेवटी समोर बिडाचा धड, पोलादी चकत्यांचा स्टेटर, तांब्याची तार, गनमेटलचे बुश आणि पंपाचा इंपेलर असे पाच वेगळे जिन्नस पडले होते.

या श्रमाचा हिशेब केवळ उदाहरणापुरता मांडतो. समजा मोटार पन्नास किलोंची आहे, त्यात चार किलो तांबे आहे, लोखंड-बिडाचा दर 30 रुपये आणि तांब्याचा 700 रुपये आहे. सबंध मोटार लोखंडाच्या भावाने दिली तर 1500 रुपये येतात. उकलून दिली तर तांब्याचे 2800 आणि उरलेल्या 46 किलोंचे 1380, असे 4180 रुपये येतात. चांगले व्यापारी मोटारीसाठी लोखंडाहून वरचा वेगळा दर देतात, म्हणून आधी तो विचारावा. तो पुरेसा असेल तर दुपार वाचवावी. मोटार पुन्हा भरून घ्यायची असेल तेव्हाही हाच प्रश्न येतो. रिवाइंडिंगच्या दुकानात जुने तांबे साधारणपणे दुकानदार ठेवून घेतो आणि ते मजुरीत धरतो, तेव्हा काम सुरू होण्यापूर्वीच जुन्या तारेचे वजन आपल्यासमोर करायला सांगावे.

पाण्याने भरलेल्या सबमर्सिबल मोटारीच्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टण असते, त्यामुळे ती केबलप्रमाणे सोलावी लागते. सोलण्यासाठी लाकडी फळीवर तिरके बसवलेले पाते आणि त्याखाली तार जाईल एवढी खाच पुरते. उन्हात ठेवलेली केबल मऊ होऊन लवकर सोलली जाते. केबल जाळून तांबे काढण्याची पद्धत मात्र पूर्णपणे सोडून द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये बाहेर पडतात, त्यांची राख चाऱ्यात व विहिरीत जाते, आणि काळवंडलेल्या जळक्या तांब्याला व्यापारी दरही कमी देतो.

स्टार्टरमधून पितळी पट्ट्या, तांब्याची कॉइल आणि संपर्काच्या लहान टिकल्या निघतात. त्या टिकल्यांत चांदीचा मिश्रधातू असतो, पण तो इतका थोडा असतो की त्यासाठी आम्लाचे प्रयोग करणे धोक्याचे आणि निरर्थक आहे. कपॅसिटर उघडूच नये.

जे घरी उघडायचे नाही

कीटकनाशकाचे धातूचे डबे कितीही चांगल्या ॲल्युमिनियमचे असले तरी ते इतर भंगारात मिसळू नयेत. धान्यात घालायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची नळी ओलाव्याशी संपर्कात आली तर फॉस्फिन हा प्राणघातक वायू सुटतो. इतर कीटकनाशकांचे डबे तीन वेळा धुवून, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतून, डब्याला भोक पाडून वेगळे ठेवावेत आणि कृषी विभागाच्या किंवा विक्रेत्याच्या सूचनेप्रमाणे त्यांची विल्हेवाट लावावी. फॉस्फाइडची नळी यातही धरू नये. तिला पाणी लावायचेच नाही, ती विक्रेत्यालाच विचारून द्यावी.

डिझेलचे किंवा ऑइलचे बंद पिंप गॅस कटरने कापणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण आहे; आत उरलेली वाफ ठिणगीने पेटते. जीआय पाइप गॅसने कापतानाही जस्ताचा पांढरा धूर नाकातोंडात जातो आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, म्हणून पाइप शक्यतो हॅकसॉने कापावेत.

ट्रॅक्टरच्या बॅटरीत वजनाच्या निम्म्याहून अधिक शिसे असते आणि म्हणूनच काही खरेदीदार "आम्ल ओतून आणा" असे सांगतात. ते ऐकू नये. सल्फ्युरिक आम्ल आणि त्यात विरघळलेले शिसे एकदा जमिनीत मुरले की ती जागा बिघडते, आणि 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसारही जुनी बॅटरी विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवी. नवीन बॅटरी घेताना जुनी अखंड परत दिली तर किमतीत सूट मिळते, हाच सर्वांत सोपा मार्ग आहे. नोंदणी असलेला ट्रॅक्टर किंवा ट्रॉली तोडण्यापूर्वी बँकेचा बोजा उतरवावा. वाहन कायमचे निकामी झाल्यास मोटार वाहन कायद्याप्रमाणे 14 दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवून नोंदणी रद्द करावी लागते, अन्यथा तोडलेल्या गाडीचा क्रमांक दुसरीकडे वापरला जाण्याची भीती राहते.

पाचवी पायरी: दर, काटा आणि पैसे

विक्रीच्या आधी आठवडाभर किमान तीन ठिकाणी दर विचारावेत: गावात येणारा फेरीवाला, तालुक्याच्या ठिकाणचे दुकान, आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे घाऊक गोदाम. विचारताना "भंगाराचा दर काय" असे मोघम न विचारता "जाड लोखंड, बीड, पत्रा, व्हार्निशची तांब्याची तार, पितळ यांचे वेगवेगळे दर सांगा" असे विचारावे. या एका वाक्याने समोरच्याला आपला माल निवडलेला आहे हे कळते. मुंबईच्या मल्टी कमोडिटी एक्सचेंजवर तांबे, ॲल्युमिनियम, जस्त आणि शिसे यांचे रोजचे भाव दिसतात. ते शुद्ध धातूचे असल्याने आपल्याला तेवढे मिळणार नाहीत, पण भाव चढतो आहे की उतरतो आहे हे त्यावरून समजते, आणि तांबे-पितळ कुजत नसल्याने चढत्या भावाची वाट पाहता येते. लोखंडासाठी वाट पाहू नये, कारण प्रत्येक पावसाळा त्याचे वजन गंजाने खातो.

माल कमी असेल तर घाऊक गोदामापर्यंतचे भाडे परवडत नाही. अशा वेळी वस्तीवरच्या चार-पाच घरांनी मिळून एक टेम्पो भरावा, मात्र प्रत्येकाचा माल घरीच तोलून, पोत्यांना वेगळ्या रंगाची सुतळी बांधून ठेवावी.

काट्यावर वजनमापे विभागाचा चालू वर्षाचा पडताळणी शिक्का आहे का, आणि माल ठेवण्यापूर्वी आकडा शून्य आहे का, हे पाहणे आपला हक्क आहे. भुईकाट्याचा आकडा साधारणपणे पाच किंवा दहा किलोंच्या टप्प्याने बदलतो. लोखंडाच्या टेम्पोसाठी ते चालते. पण तांबे-पितळाची पोती गाडीत ठेवून त्याच काट्यावर वजन करू दिले तर काही किलोंचा, म्हणजे काही हजारांचा, फरक सहज पडतो. मौल्यवान धातू नेहमी लहान काट्यावर, वेगळा तोलावा. चिखल आणि सिमेंट आधीच झाडून काढले असेल तर "मातीपोटी घट" धरायला जागा उरत नाही.

आपल्या भागात मोटारी आणि केबल चोरीला जाण्याचे प्रकार इतके झाले आहेत की प्रामाणिक व्यापारी ओळखपत्र मागतो. त्याचा राग मानू नये. मोटारीची नंबरपट्टी काढण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे, खरेदीचे बिल असेल तर जोडावे, आणि विक्रीची पावती धातू, वजन व दरासह लिहून घ्यावी. जीएसटीच्या नावाखाली कोणी आपल्या रकमेतून कपात करू लागला तर त्याला सांगावे की 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्या व्यक्तीकडून धातूचे भंगार घेतल्यास कर भरण्याची जबाबदारी नोंदणीकृत खरेदीदाराची आहे. रक्कम शक्यतो बँक खात्यात घ्यावी.

शेवटची पायरी: जागा साफ करणे

माल गेला तरी काम बाकी असते. उकललेल्या जागी तारेचे बारीक तुकडे, खिळे आणि पत्र्याचे काप मातीत मिसळलेले राहतात. जनावर चारा निवडून खात नाही, जिभेने ओढून गिळते, आणि तारेचा दोन इंची तुकडा जाळीपोटात, म्हणजे पोटाच्या जाळीदार कप्प्यात, रुतून पुढे हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. आमची एक दुसऱ्या वेताची गाय याच कारणाने गेली. आधी तिने चारा सोडला, मग कोपरे बाहेर काढून उभी राहू लागली, उतारावर चालायला घाबरू लागली, आणि डॉक्टरांनी निदान केले तोवर उशीर झाला होता. तेव्हापासून माल भरून टेम्पो निघाला की मी तोच लाउडस्पीकरचा चुंबक दोरीला बांधतो आणि ती जागा आडवी-उभी दोनदा ओढून काढतो. चुंबकाला तांबे आणि ॲल्युमिनियम लागत नाही, म्हणून त्यानंतर जागा खराट्याने झाडतो, निघालेला केर चाळतो, आणि मगच तेथे कडब्याची पेंढी टाकू देतो.